चाळीस गुणांची सूट

तिने पेन्सिलीने पुन्हा वजाबाकी केली. दोनशेतून दीडशे गेले, उरले पन्नास. त्यांचे ऐंशी टक्के म्हणजे चाळीस. उत्तर तेच आलं. टेबलापुढे बेकरीवाला हाताची घडी घालून उभा होता. हिशेब चुकलाय असं त्याचं म्हणणं नव्हतंच.

दर गुरुवारी संध्याकाळी चोवीस हौशी माणसं इथे बोलिंग खेळायला जमत. ज्याची सरासरी कमी, त्याला सूट जास्त, म्हणजे लिंबूटिंबूलाही पट्टीच्या खेळाडूशी बरोबरीने लढता यावं. तीन डावांची सरासरी दोनशेला जितकी कमी पडे, त्याच्या ऐंशी टक्के सूट मिळे, आणि सूट मिळवून ज्याचा एखादा डाव सगळ्यांत मोठा, तो त्या दिवसापुरता पहिला. हे सगळं अकरा वर्षं ती सांभाळत होती. दिवसभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटरचे आकडे तपासायचे आणि गुरुवारी इथले. सगळे तिला ताई म्हणत.

यंदा तक्त्यात पहिला होता तिचा थोरला भाऊ, चौकातला न्हावी. गेल्या वर्षी त्याची सूट होती बारा.

बेकरीवाल्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. भांडखोर नव्हता तो. पहाटे तीनला उठून भट्टी पेटवणारा, सरळ मार्गाचा माणूस. कागदावर आठ गुरुवारांचे आकडे होते. पहिल्या डावात एकशे नव्वद, दुसऱ्यात दीडशे, तिसऱ्यात एकशे दहा. दर वेळी थोड्याफार फरकाने हेच.

"दीड तासात माणूस एवढा म्हातारा होतो का, ताई?" त्याने हळूच विचारलं.

हे आकडे तिने त्याच्या आधी ओळखले होते. दादा साडेपाचला गोळी घ्यायचा. साडेसातपर्यंत हात त्याचा असे. नंतर बोटं चेंडूच्या भोकांतून वेळेवर सुटत नसत. डॉक्टर, दादा आणि ती, तिघांनाच हे ठाऊक होतं. दवाखान्यातून परतताना दादाने तिच्याकडून वचन घेतलं होतं. वस्तरा त्याने केव्हाच खाली ठेवला होता. पाठ धरते म्हणून सांगायचा आणि कात्रीवर भागवायचा.

सगळ्यांचीच सूट पहिल्या डावावरून काढू या, असं तिने सुचवून पाहिलं. त्यावर बेकरीवाला म्हणाला की एका माणसासाठी नियम कशाला बदलायचा, त्यापेक्षा त्यालाच विचारा. बाकीच्यांचंही तेच मत होतं. आज एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, असं ठरलं.

दुसरा डाव संपवून दादा बाकावर बसला होता, उजवा हात मांडीखाली दाबून. ती शेजारी टेकली आणि काय चाललंय ते तिने सांगितलं. तो ऐकत होता, नजर समोरच्या पिनांवर.

"मी सांगते त्यांना," ती म्हणाली. "दादा, कुणी हसणार नाही तुला."

"हसू देत की. हसण्याला कोण भितंय. न्हाव्याचा हात थरथरतो म्हटलं, की कुणी मान देत नाही गं. दोन्ही अर्थांनी."

तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. तो उठला, तसा हात आपसूक सुटला.

त्याला टेबलाकडे जाताना तिने पाहिलं. बेकरीवाल्यापुढे जाऊन तो उभा राहिला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. मुद्दाम कमी गुण घेत होतो. विजेत्याची ढाल घरी न्यायची हाव सुटली."

बेकरीवाल्याचाच चेहरा पडला. त्याला बहुधा दुसरंच काहीतरी ऐकायचं होतं. अखेर ठरलं की लीगमधून काढायचं नाही, गेल्या वर्षीची बाराच सूट ठेवायची, आणि आठही गुरुवार त्याच हिशेबाने धरायचे.

म्हणजे ते तिलाच करायचं होतं. तिने प्रत्येक ओळीतून अठ्ठावीस वजा केले. दादा पहिल्यावरून चौदावा झाला. फळ्यावर लावायच्या कागदात कारणाचा रकाना होता. पेन टेकवून ती बराच वेळ बसली, मग लिहिलं : खेळाडूने स्वतः कबूल केले. खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं.

कागदाला टाचण्या लावायला बेकरीवाल्याने मदत केली.

"तुम्हाला जड गेलं असेल," तो म्हणाला. "सख्खा भाऊ तो. पण बाजू नाही घेतलीत त्याची. मानलं तुम्हाला."

"हं," ती म्हणाली.

तिसरा डाव सुरू झाला. दादाने चेंडू उचलला, चार पावलं धावला. चेंडू बोटांत क्षणभर अडकला, तिरका सुटला आणि अर्ध्या वाटेतच कडेच्या पन्हळीत उतरून गडगडत निघून गेला. दहाच्या दहा पिना उभ्या.

"अहो, आता कशाला?" मागून कुणीतरी ओरडलं. "आता सूट नाही मिळायची!"

सगळे हसले. त्या हसण्यात राग उरला नव्हता, उलट त्याला परत आपल्यात घेतल्यासारखं होतं ते. दादा वळला आणि चोरी पकडली गेल्यासारखा कान धरून त्यांच्यात हसला. कान त्याने डाव्या हाताने धरला होता.

तिने रकान्यात शून्य लिहिलं, आणि त्याच्या दुसऱ्या चेंडूची वाट बघू लागली.