मालक नसलेलं घर

रेवणप्पांचं मंगळवार पेठेत बनियन-टॉवेलचं दुकान होतं. मुलगी सासरी गेल्यापासून घरात ते आणि बायको, दोघंच. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते वाचनालयात कुणाचंसं व्याख्यान ऐकून आले आणि जेवता जेवता म्हणाले, "रत्नम्मा, माणसानं माणसावर हुकूम चालवणं, हेच सगळ्या दुःखाचं मूळ. आजपासून या घरात कुणी मालक नाही. माझं कुणीही ऐकायचं नाही!"

"हे तरी ऐकायचं का?" रत्नम्मानं विचारलं.



इतकी वर्षं ते नुसते खाकरले की चहा हजर व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाकरले. रत्नम्मा चादरीतून एक डोळा किलकिला करून पडून राहिली. पुन्हा खाकरले. मग उठले. स्टोचा भडका उडाला, भुवई जळाली, पण चहा झाला. रत्नम्मानं चादरीत तोंड खुपसून हसू दाबलं.

मग तिला चेवच आला. तिनं इरकली लुगड्याचा काष्टा मारला आणि नवऱ्याची सायकल बाहेर काढली. माहेरी करकंबला ती भावाची सायकल चोरून चालवायची.

"अगं, मी दुकानाला कसा जाऊ?"

"पायी की. सायकलीला मालक हाय व्हय?"

सगळी पेठ दारात येऊन बघत राहिली. रत्नम्मा पार तळ्यापर्यंत जाऊन आली. आता नवरा ओरडणार, मग त्याला जन्मभर चिडवायचं, असा तिचा बेत होता.

पण ओरडत आले ते थोरले दीर महादेवप्पा, बातमी ऐकून अक्कलकोटहून एस्टीनं. "रेवण्या, बायकोला आवर! सायकल काय, तळं काय!"

रत्नम्मा दाराआड कान देऊन उभी राहिली.

"अण्णा, तिला आवरणारा मी कोण?" रेवणप्पा म्हणाले. "आणि मला सांगणारे तुमी तरी कोण?" थोरल्या भावापुढं ते आजवर मोठ्यानं शिंकलेही नव्हते.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी रत्नम्मानं परात ओढली आणि भाकरी थापायला बसली. रेवणप्पांनी शेंगाचटणी कुटली, निम्मी अंगावर.

जेवण झाल्यावर महादेवप्पांनी सवयीनं ताट पुढं सरकवलं. कुणी उठेना. त्यांनी भावाकडं पाहिलं, भावजयीकडं पाहिलं. दोघंही छताकडं बघत होते. शेवटी पुटपुटत ते ताट घेऊन मोरीकडं गेले. आत धाडकन आवाज झाला.

"जपून, अण्णा!" रेवणप्पा ओरडले आणि त्यांनी जीभ चावली. "हुकूम नाही हं, अण्णा! नुसतं म्हटलं."