मेहुण्याच्या लग्नाचा फोटो

प्रोग्रॅम विनातक्रार कंपाइल झाला, पण चालवताच कॉम्प्युटरमधलं लिनक्स म्हणालं, ‘याला लागणारी लायब्ररीची फाइल सापडत नाही.’ दुपारी ग्राहक बघायला येणार होते. प्रोग्रॅम चालला तरच माझी नोकरी कायम होणार होती.

“सरक,” साहेब म्हणाले आणि त्यांचा अनुभव ढेरीसकट माझ्या खुर्चीत बसला. त्यांनी त्याच नावाची रिकामी फाइल बनवून फोल्डरमध्ये टाकली.

आता लिनक्स म्हणालं, ‘फाइल फार छोटी आहे.’

“सापडली की नाही? आता फक्त पोट भरायचंय तिचं.” मग त्यांनी मेहुण्याच्या लग्नाचा फोटो तेच नाव देऊन तिथे ठेवला. लिनक्सने तोही थुंकून टाकला.

“मशीनच हलकं आहे लेका,” म्हणत साहेब चहाला गेले.

खरी लायब्ररी शेजारच्या फोल्डरमध्ये, म्हणजे काखेतच होती. तिथे बघ, एवढंच लिनक्सला सांगायचं राहिलं होतं. मी फोटो उडवला, एका कमांडने ते सांगितलं आणि प्रोग्रॅम सुरू झाला.

“शेवटी फोटोच लागू पडला ना?” साहेब परतून म्हणाले. ग्राहकांनाही त्यांनी हेच समजावलं. ग्राहकांनी तो फोटो मागून घेतला.

मला कायम केलं. साहेबांच्याच हाताखाली.