कापसातली बाळंतीण

"काये वंऽऽ, कबरे वंऽऽ..."

पांझरेकाठी हिव पडलं, की सुकदेव आबांच्या कानात मायची ही हाक अजून उठते. दिवेलागणीला माय गोठ्याच्या दारात उभी राहायची आणि शेतात पांगलेल्या मांजरांना नावं घेऊन बोलवायची. पहाटे जात्यावर बसली, की ओवीतसुद्धा तीच:

हिव उनं पांझरावरी, गाय बठनी गोठाले,
मांजर मन्ही नीजनी तिन्हा ऊन ऊन पोटाले.

माय जाऊन जमाना झाला. आबांचं डोकंही आता वेचणीला आलेल्या बोंडासारखं पांढरं फुललंय. पण ही हाक ऐकू येते, असं ते कुणाला सांगत नाहीत. मांजरांवर जीव लावणारा गडी म्हणजे रिकामा गडी, असं ते पारावर बसून ठणकावतात. आणि बायको प्रमिलाबाई गोठ्यातल्या मांजरांना दुधात भाकर कुस्करून घालते, म्हणून रोज सकाळी तिची फिरकी घेतात.

"व्हयनी का तुन्हा पाव्हणासनी न्याहारी? उरनी व्हई ते माले बी दे."

"तुम्ही एक उंदीर धरी लया," प्रमिलाबाई म्हणते, "तुम्हले त्यासना पहिले वाढसू."

यंदा थंडीनं नुसता उच्छाद मांडला होता. हौदात हात घातला तर बोटं परक्याची वाटत. बैलांच्या नाकातून वाफा निघत, आणि हरभऱ्यातून चालून आलं की धोतर गुडघ्यापर्यंत दवानं जड होई. अशा दिवसांत आबांच्या मळ्यातल्या घरात एक पेच पडला होता. लेक नूतन पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिच्यासाठी एकच उबदार खोली, ओसरीलगतची. आणि ती खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली.

भाव बरा होता, गिऱ्हाईक तयार होतं. पण आबा कापूस काही विकेनात.

कारण एवढंच, की गोठ्यातली कबरी त्या कापसात व्याली होती. खिडकीच्या तुटक्या गजातून आत शिरून तिनं मागच्या कोपऱ्यात खोल बीळ केलं होतं. आबांनी एकदा ओल पाहायला हात घातला, तर हाताला कापसापेक्षा मऊ आणि ऊन काहीतरी लागलं, आणि ते कुईं म्हणालं. आबांनी हात असा काढला, जसा देव्हाऱ्यातून काढावा. तेव्हापासून ते दुपारी प्रमिलाबाई शेताकडं गेली, की धोतराच्या सोग्याखाली दुधाची वाटी लपवून खोलीत जात. बाहेर आले, की मिशीला कापूस.

व्यापारी तोताराम पहिल्यांदा आला, तेव्हा आबा म्हणाले, "कापूस वल्ला शे रे. दव लागनं."

"घरमा दव?" तोताराम म्हणाला.

"यंदा हिवच तसं शे."

दुसऱ्यांदा आला, तेव्हा आबांनी अमावास्या काढली. प्रमिलाबाई ओसरीवर तूर पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "काल संध्याकायले चांद भाकरीएवढा निंघना व्हता. रातमा कोनी खाई टाका का काय?"

तिसऱ्यांदा तोताराम विचारायला आला नाही. गाडी, काटा आणि दोन हमाल घेऊनच आला. प्रमिलाबाईनंच निरोप धाडला होता. हमालांनी खोलीच्या दाराशी बारदानं पसरली आणि आबा दारात आडवे उभे राहिले.

"आबा, आते कोनतं गऱ्हान लागनं?" तोतारामनं विचारलं.

आबांनी आभाळाकडं पाहिलं. आभाळ स्वच्छ. काट्याकडं पाहिलं. काटा नवाकोरा. शेवटी ते पुटपुटले, "पुढला लई जा. मांगला कोपरा ऱ्हाऊ दे."

"काबरं? तठे काय धन गाडी ठेयेल शे?"

तेवढ्यात कोपऱ्यातून कुईं झालं, आणि कापसाच्या ढिगातून कबरीनं डोकं वर काढलं. मिशांना कापूस, अगदी आबांसारखा. हमाल हसून हसून बारदानांवरच बसले.

"आसं शे व्हय," तोताराम म्हणाला. "मी समजू, आबा भाव वाढाले थांबेल शेतस. आठे ते बाळतीन बसाडी ठेयेल शे."

आबांचे कान तांबडे झाले. पारावर उद्या काय होणार, हे त्यांना दिसू लागलं. पण प्रमिलाबाई हसली नाही. तिनं ढिगाशी पडलेली दुधाची वाटी पाहिली, आत गेली आणि टोपली नि जुनं लुगडं घेऊन आली.

"मन्हं दूध दोन दोन दा पी ऱ्हायनी व्हती का ही सटवी? सकायले मन्हाकडे, दुपारले तुम्हनाकडे. तरीच म्हनू, गोठामा उपाशीनी गत येस आनि पोट ते ढोलकं." मग टोपलीत लुगडं अंथरत म्हणाली, "पिल्ला गोठामा ठेवसूत. नूतनले खोली पाहिजे."

"गोठामा नही," आबा म्हणाले.

"काय व्हस? मांगला सालना पिल्ला शेजारना जीवराम भाऊना बोका लई गया, तवयपाइन मी गोठा कसा बांधेल शे, देखा ना." तिनं बोट दाखवलं. गोठ्याच्या कुडातल्या फटी तिनं बाभळीच्या काट्यांनी गच्च भरल्या होत्या. आबांनी मध्यंतरी तिथं गोणपाट बांधलं, तर बोका त्याला धरून चढेल म्हणून तिनं तेही सोडून टाकलं. वर्षभर जीवरामचा बोका बांधावर दिसला, की प्रमिलाबाईचा दगड सुटे आणि पाठोपाठ जीवरामच्या सात पिढ्या. "आते त्या बोकाना बाप बी गोठामा येवाव नही."

आबांनी त्या काट्यांकडं पाहिलं. काट्यांतून वारा सरळ आत शिरत होता. गोठ्यातल्या वासराच्या अंगावरचे केस हलताना इथून दिसत होते.

प्रमिलाबाई टोपली घेऊन खोलीत वाकली. कबरी फिसकारली.

"थांब, नूतननी माय," आबा म्हणाले. हमाल हसायचे थांबले. आबा उंबऱ्यावर बसले. "तुन्हा काटा बोकाले आडावतस. हिवले नही आडावतस."

"म्हंजे?"

"त्या पिल्लासले बोका लई गया नही व्हता." आबा जमिनीकडं बघत बोलत होते. "पहाटे मी गोठामा गऊ, तवय बठ्ठा पिल्ला एकमेकले चिकटीसन पडेल व्हतात. लाकूड व्हई जायेल. तू रडशी म्हनीसन मी त्यासले जांबना झाडखाले मातीमा गाडी दिनू, आनि तोंडले उनं ते सांगी दिनू." त्यांनी नाक पुसलं. "आते त्या बोकाले दगड नको मारू वं. त्यानी काहीच करेल नही."