आम्ही की आपण

‘आम्ही कळवू’ असं ज्याला सांगितलं जातं, त्याला कुणीही काहीही कळवत नाही. घशाच्या ऑपरेशननंतर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की समोरच्याचे ओठ हलायच्या आधीच मी पर्स उचलायचे.

माझं काम पुस्तकं वाचण्याचं. म्हणजे स्टुडिओत बसून मोठ्याने वाचायचं, ते रेकॉर्ड व्हायचं, आणि लोकांनी भांडी घासताना नाहीतर गाडी चालवताना ते ऐकायचं. अर्धं आयुष्य यात गेलं. मग स्वरयंत्रावर गाठ आली. गाठ निघाली, आवाज परत आला, पण येताना खरखर सोबत घेऊन आला. फोनवर अनोळखी माणसं मला ‘काका’ म्हणायला लागली. कुठेही आवाजाचा नमुना द्यायला गेले की सगळे ‘वा, छान’ म्हणायचे, आणि मग ते वाक्य.

शेवटी जुन्या ओळखीच्या एका स्टुडिओच्या मॅनेजरांनी बोलावलं. तरुण मुलांसाठी लिहिलेली एक कादंबरी होती, मुलं तिच्यावर तुटून पडली होती.

“आणखी एक मुलगी नमुना देतेय,” ते म्हणाले. “साबणाच्या जाहिरातीत आवाज असतो ना, ती. तुम्ही शेवटचं प्रकरण वाचा. लेखिका स्वतः येणार आहे.”

साबणाचा आवाज मला माहीत होता. नुसता फेस. पण गोड होता, खोटं कशाला बोलू? हेही काम हातचं गेलं तर वाचन कायमचं सोडायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

घरी हे सांगितलं तर भाची पलंगावर उभीच राहिली. ही माझ्या बहिणीची मुलगी, कॉलेजसाठी माझ्याकडे राहते, आणि ती कादंबरी म्हणजे तिचा जीव की प्राण.

“मावशी, तू वाचणार? तू?”

“का, माझ्या तोंडाला काय झालंय?”

“काही नाही गं. फक्त खोड्या काढत बसू नकोस.”

खोड्या काढू नकोस म्हटलं की मला हटकून त्याच दिसतात.

कादंबरीतलं शहर भिंतीच्या आत कोंडलेलं आहे. तिथे एक मंडळ राज्य करतं, आणि मंडळाने ‘आम्ही’ हा शब्द बंद केलाय. सगळ्यांनी फक्त ‘आपण’ म्हणायचं. ‘आम्ही’ म्हटलं की कुणीतरी त्यातून बाहेर राहतं, गट पडतो, आणि गट पडला की मंडळाची झोप उडते. रोज सकाळी भोंग्यावरून फर्मान येतं: आपण आज कमी जेवू. आपण आज बोलणार नाही. मंडळाचं जेवण अर्थातच कमी होत नाही.

हे वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि मनापासून दाद दिली. हॉस्पिटलमधली नर्स रोज माझ्या उशाशी येऊन म्हणायची, “आपण आता इंजेक्शन घेऊ या हं.” घ्यायचे मी एकटी.

पण पुढे माझं डोकं फिरलं. सोळा वर्षांची नायिका दिवसचे दिवस पळते, तिला ना भूक लागते ना कुठे जावं लागतं. तिच्यावर दोन मुलगे जीव टाकतात, एक करड्या डोळ्यांचा आणि एक काहीच न बोलणारा. इमारत कोसळत असताना हे छपरावर उभे, डोळ्यांत डोळे घालून, चांगली दोन पानं.

“अगं, आधी खाली उतरा की मेल्यांनो!” मी ओरडले.

“मावशी, ते तरुणांसाठी आहे!”

“तरुणांना जीव प्यारा नसतो का?”

मग नायिकेच्या धाकट्या भावाचं प्रकरण आलं. तो पहारेकऱ्याला एवढंच म्हणतो, “आम्ही दोघं घरी चाललोय.” बहिणीचा हात धरलेला असतो, म्हणून तोंडून निघून जातं. त्या एका शब्दासाठी त्याला भिंतीपलीकडे टाकतात. मी रडले. चष्मा पुसून परत वाचलं आणि परत रडले. एकाच पुस्तकावर इतकं चिडावं आणि त्यानेच आपल्याला रडवावं, याचा मला फार राग आला.

शेवटी मंडळ पडतं. नायिका वेशीवर चढते, खाली सगळं शहर गोळा झालेलं असतं, आणि ती ओरडते, “आम्ही जिंकलो!” संपलं.

“बघ काटा आला,” भाचीने हात पुढे केला. “बंद केलेला शब्द ती सगळ्यांसमोर बोलते!”

“सगळ्यांसमोर बोलते, पण सगळ्यांना वगळून बोलते. खाली उभी असलेली माणसं काय तमाशा बघायला आलीत?”

“पण ‘आपण’ हा मंडळाचा शब्द आहे!”

“मंडळाच्या बापाचा आहे का?”

भाची रुसून गच्चीत गेली. मला वाटलं, मुलीचं म्हणणं चूक नाही. आणि माझंही नाही. मोठी पंचाईत होती.

नमुन्याच्या दिवशी मी सुती साडी नेसले, कारण दुसरी कुठलीही सळसळते. बांगड्या काढल्या. पोट गुरगुरू नये म्हणून केळं खाल्लं. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा मुलगा बसला होता, त्याच्या मागे मॅनेजर, आणि शेजारी लेखिका. भाचीपेक्षा फार तर थोडी मोठी, नखं कुरतडत बसलेली. तिला बघून माझा राग अर्धा उतरला.

वाचायला लागले. सुरुवातीला खरखर माझी मलाच टोचत होती. मग भिंत पडली, धूळ उडाली, आणि मी विसरले. वेशीवर चढले. खाली माणसंच माणसं. श्वास घेतला आणि म्हटलं, “आपण जिंकलो!”

हेडफोनमधून कानात खट्ट झालं. “मॅडम, शब्द चुकला,” मुलगा म्हणाला. “‘आम्ही’ आहे.”

लिहिलेला शब्द वाचणाऱ्याने बदलायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी माफी मागितली, पुन्हा श्वास घेतला, आणि पुन्हा म्हणाले, “आपण जिंकलो!” जीभच वळेना. काचेपलीकडे मॅनेजरांनी कपाळाला हात लावला.

मग कानात लेखिकेचा आवाज आला, चिडलेला. “ताई, तो शब्द मी मुद्दाम घातलाय. सगळं पुस्तक त्या शब्दासाठी लिहिलंय. तो लहान मुलगा त्या शब्दापायी गेला!”

“ठाऊक आहे. त्याच्यासाठी मी दोनदा रडलेय.”

“मग?”

“मग त्याने ‘आम्ही दोघं’ म्हटलं ते पहारेकऱ्याला. पहारेकऱ्याला वगळायलाच हवं होतं. ही कुणाला सांगतेय? खाली तिच्यासारखीच उपाशी राहिलेली माणसं आहेत. त्यांच्या तोंडावर ‘आम्ही जिंकलो’?” माझा आवाज चढला आणि चढता चढता फाटला. “अगं, आम्ही म्हणजे कोण?”

“आपण!” ती तिकडून तितक्याच जोरात ओरडली. “आम्ही म्हणजे आपण सगळे!”

आणि आपल्या तोंडून कुठला शब्द गेला ते तिचं तिलाच ऐकू आलं. रेकॉर्डिंग करणारा मुलगा आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिला.

थोड्या वेळाने दार उघडून ती आत आली. माझ्या पुढ्यातला कागद ओढून पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

“‘आम्ही’ मी सोडणार नाही,” ती म्हणाली.

“सोडूच नको.”

“पण खालून एक म्हातारी विचारेल. म्हातारी चालेल ना?”

“चालेल काय, धावेल!” मी म्हटलं.

ती हसली. “पुढच्या आवृत्तीत असंच छापून घेते. आता वाचा.”

वाचलं. “आम्ही जिंकलो!” मी ओरडले. मग आवाज खाली आणला आणि खरखरीला अजिबात अडवलं नाही. गर्दीतून एका म्हातारीने विचारलं, “आम्ही म्हणजे कोण गं, पोरी?” वेशीवरच्या मुलीने खाली बघितलं. इतकी वर्षं भोंग्यावरून जो शब्द त्यांच्या अंगावर फेकला जात होता, तो तिने उचलला, आणि पहिल्यांदाच खरा करून म्हटला. “आपण.”

या शब्दावर माझा आवाज चिरला. पूर्वी असं झालं असतं तर मी थांबून पुन्हा घेतलं असतं. आज थांबले नाही. काचेपलीकडे लेखिका खुर्चीच्या काठावर बसून डोळे पुसत होती, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू! हा आवाज माझाच होता, आणि तो कामाचा होता.

बाहेर आले तेव्हा मॅनेजरांनी घसा साफ केला. “छान झालं, मॅडम. तर मग आम्ही कळ...”

माझा हात सवयीने पर्सकडे गेला.

“कळवायचं काय त्यात?” लेखिका म्हणाली. “मी इथेच आहे, त्याही इथेच आहेत. ताई, पहिलं प्रकरण आपण कधी सुरू करायचं?”

मॅनेजरांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “आपण,” ते जरा अडखळत म्हणाले, “सोमवारी सुरू करू.”

“पण छपरावरच्या त्या दोन पानांना मला हसू येणार, आधीच सांगते,” मी लेखिकेला बजावलं.

“मलाही येतं हल्ली,” ती हळूच म्हणाली.

जिन्यातूनच भाचीला फोन लावला. “जिंकलो गं!” मी अशी ओरडले की खालचा रखवालदार दचकून उभा राहिला.

पलीकडे किंकाळी, उड्या, पलंगाची करकर. मग तिने दम खाल्ला आणि विचारलं, “आम्ही, की आपण?”

“आपण,” मी म्हटलं. “आणि ऐक, मी पोचतेच आहे, तोवर आपण कुकर लावून ठेवू या.”

“म्हणजे मी!” ती म्हणाली, आणि लावायला गेली.