आत दुमडलेलं कापड

उसवलेल्या शिवणीतून बाहेर आलेलं लाल दोऱ्याचं एक टोक... तुरीद ते बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती, आणि शिवणीच्या आत जे नव्हतं त्याच्याकडे बघत होती.

"आई, होईल ना गं सैल?" लेक, इंग्विल, दारात उभी होती. गुडघ्यापर्यंत लोंबणारा ढगळ स्वेटर, हात बाह्यांत कुठेतरी हरवलेले. "उद्या सतरा मे, राष्ट्रदिनाची मिरवणूक, आणि हूक लागायचं नाव घेत नाही. कपाटात टांगून टांगून आटला बघ माझा बुनाड!"

"कपाटाला कशाला नावं ठेवतेस?" तुरीद हसत बोलून गेली, आणि लगेच वाटलं — हेच. दोष तुझ्या खाण्याचा, हेच आपण हिला कायम ऐकवत आलो.

"बरं बाई, वॉफलना ठेवते. पण आत माया ठेवली असशीलच की. तुझ्या बुनाडात आजीनं ठेवलीय तशी."

ठेवतातच. या खोऱ्यात चर्चमधल्या दीक्षेच्या वर्षी मुलीला बुनाड, सणावारी घालायचा पारंपरिक पोशाख, मिळतो तो जन्मभराचा, म्हणून शिवणारी बाई आत चांगलं चार बोटं कापड दुमडून ठेवते — पोरगी भरेल, पोटुशी राहील, म्हातारी होईल... तुरीदनंही ठेवलं होतं. पण इंग्विलनं घालून बघितला तेव्हा कमरेशी जरा फुगीर दिसला, आणि त्या दुपारी तुरीदनं ते कापड शिवणीच्या अगदी कडेपर्यंत छाटून टाकलं. अंगासरशी बसावा म्हणून, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं. कात्री चालत होती तेव्हा मात्र मनात दुसरंच होतं — आता हिला अशीच राहावं लागेल. मी नाही राहिले? आईनं ठेवलेलं कापड मी एकदाही उसवू दिलं नाही, भूक मारली पण शिवण हलू दिली नाही, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता... पोरगी आरशापुढे गोल फिरली होती. "बारीक दिसते ना मी?" आणि त्याच हिवाळ्यात ती बापाचे सदरे घालायला लागली. फॅशन असेल, म्हणून मी सोडून दिलं.

"बोल ना. किती आहे आत?"

सांगून टाकावं. की कापडच कमी पडलं होतं म्हणावं? खोटं अगदी ओठाशी येऊन थांबलं होतं. बाजूला पट्टी जोडता येईल. पण पट्टी दिसेल, आणि दिसली की ही विचारेल.

"ये इकडे. माप घेते आधी."

इंग्विलनं स्वेटर वर धरला. टेपचा गार स्पर्श झाला मात्र, तिचं पोट झटकन आत गेलं — काही विचार न करता, पापणी मिटावी तसं. श्वास सोड गं, असं म्हणायला तुरीदनं तोंड उघडलं, आणि तेव्हा लक्षात आलं. तिचं स्वतःचं पोटही आत ओढलेलंच होतं... सकाळपासून, की त्याच्याही कितीतरी आधीपासून... आणि ते सोडायचं कसं, हे तिला काही केल्या आठवेना.