डावी बाजू

मावशीची डिझेल पिकअप इतकी जुनी, की गॅरेजवाला तिला आजीबाईच म्हणायचा. सकाळी सेल मारला की आधी खोकायची, मग काळा धूर ओकायची. पण एकदा तापली की दिवसभर मुकाट्यानं भंगार ओढायची. काकांची नजर अधू, त्यामुळे स्टिअरिंग पहिल्यापासून मावशीकडे. काका डावीकडे बसून अखंड बोलत.

काका गेले, आणि मावशीला घर खायला उठायला लागलं. ती लगेच पुन्हा भंगाराच्या फेऱ्या मारायला लागली. गाडी डावीकडे कलतेय हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. आजीबाईची कंबर गेली, असं म्हणत गॅरेजवाल्यानं चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे बदलले, टायर बदलले. कल काही गेला नाही. डाव्या सीटचा नवा फोमसुद्धा मधोमध दबला.

मग एका दुपारी माल उतरवून ती रिकामी गाडी वजनकाट्यावर घेऊन आली. गाडी उभी करून नेहमीप्रमाणे खाली उतरली. काटेवाला खिडकीतून आकड्याकडे बघत राहिला. मान वर न करताच म्हणाला,

"मावशी, शेजारच्यांना पण उतरायला सांगा."

गाडीत कुणी नव्हतं. तरी मावशी वळसा घालून गेली, डावं दार उघडून धरलं आणि हळूच म्हणाली, "उतरा."

गाडी करकरली आणि सरळ झाली. काटेवाल्यानं पावती फाडून दिली. त्याला काहीच वावगं वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर पिकअप कशी सुतासारखी चालली. अर्ध्या रस्त्यात मावशीनं करकचून ब्रेक दाबला. आपण त्यांना तिथंच सोडून आलो, हे आत्ता तिच्या डोक्यात आलं होतं.

ती माघारी गेली तेव्हा काटेवाला वैतागून बसला होता. काटा बिघडला म्हणे; वर काही नसताना माणसाचं वजन दाखवतोय. मावशीनं गाडी काट्यालगत लावली, दार उघडलं.

"चुकलं माझं. चला," ती म्हणाली.

पाटे करकरले. गाडी डावीकडे कलली. पण पूर्वीपेक्षा जास्त, पार दार खाली झुकेपर्यंत. काटा शून्यावर आला म्हणून काटेवाला खूश झाला. गाडी पुन्हा वर घ्या, खात्री करू, म्हणाला. मावशीनं घेतली आणि खाली उतरली. आकडा बघून त्यानं कपाळाला हात लावला. रिकाम्या गाडीत आता दोन माणसांचं वजन भरत होतं.

हे सगळं मावशीनं मला त्याच गाडीच्या बॉनेटला टेकून सांगितलं. दुसरं कोण, असं मी विचारलं. तिनं एकदा आत पाहिलं.

"तुझे काका वाटेत दिसेल त्याला गाडीत घ्यायचे," ती म्हणाली. "मी काही विचारलं नाही. आता ते बोलत नाहीत रे. कुणाचं तरी ऐकत बसल्यासारखे गप्प असतात."

तिनं मला घरापर्यंत सोडू का म्हणून विचारलं. मी चालत गेलो.