पाहुण्यांची खोली

नयनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मराठी मंडळाच्या भिंतीलगतचा फुटपाथ धुऊन लख्ख केला होता. तिथे कालपर्यंत फूलवाल्या म्हाताऱ्या लक्ष्मीदेवीची निळी ताडपत्री होती, स्टोव्ह होता, फुलांची टोपली होती. सगळा संसार कचऱ्याच्या गाडीत गेला, मंडळानेच फोटो काढून वाटलेल्या ब्लँकेटसकट. म्हातारी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती.

"अर्ज तुमच्याच मंडळाचा होता, अक्का," झेरॉक्सवाली भव्या म्हणाली. प्रत तिच्याच दुकानातून गेली होती. तिने वाचून दाखवलं: फुटपाथवरचं अतिक्रमण ताबडतोब हटवावं. खाली सत्तावीस सह्या. तिसरी नयनाची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सचिव दयानंदांनी हा कन्नडमधला कागद फिरवला होता. "फुटपाथचं काम आहे, वहिनी. सही करा." म्हातारीला छप्पर द्या म्हणून नयना वर्षभर त्यांच्या मागे लागली होती, तिला वाटलं, तेच. कन्नड ती फडाफडा बोलायची, पण वीस वर्षं बंगळूरच्या राजाजीनगरात राहून तिला बसची पाटी वाचता येत नव्हती. आणि त्याचीही मिजास, 'आमच्या घरी मराठीच!' कसलं मराठी अन् कसलं काय! तिळगूळ चघळत, लक्ष्मीदेवीनेच गुंफलेला गजरा माळून, तिने लक्ष्मीदेवीला उठवायच्या कागदावर सही ठोकली होती.

ती रस्ता ओलांडून गेली आणि खरं ते सांगून टाकलं. लक्ष्मीदेवी रडली नाही. फक्त म्हणाली, "ब्लँकेट नको, अक्का. माझा स्टोव्ह आण."

नयनाने तिचा हात धरला आणि तिला सरळ मंडळात आणलं. रविवारची बैठक चालू होती.

"मागची खोली उघडा," ती म्हणाली.

"ती सभासदांच्या पाहुण्यांसाठी आहे," दयानंद म्हणाले. गावाकडून दवाखान्याला, परीक्षेला कुणी आलं की त्याला तिथे तीन दिवस राहता येई. एरवी खोलीत गणपतीचं मखर धूळ खात पडलेलं असे.

"ही माझी पाहुणी."

"तीन दिवस. नियम आहे. चौथ्या दिवशी काय?"

"चौथ्या दिवसापासून माझी," महानंदा उठली. तिच्या सासऱ्यांनी या हॉलच्या विटा वाहिल्या होत्या. "स्वल्प जागा तर हवी बाईला. मीपण सही केलीय, वाचता येत असून न वाचता."

"मग माझी," केतकी म्हणाली. मागून आणखी एक हात वर आला, मग चार. सत्तावीस सह्या म्हणजे एक्याऐंशी दिवस. तेवढ्यात हक्काच्या घराचा अर्ज करायचा आणि तो भव्याकडून आधी वाचून घ्यायचा, असं तिथल्या तिथे ठरलं. स्टोव्ह द्यायला तिघी तयार झाल्या. इतके दिवस कुठे होतात गं, असं नयनाच्या ओठांवर आलं, पण ती स्वतः तरी कुठे होती?

दयानंदांनी चरफडत पाहुण्यांची वही उघडली. नाव लिहिलं. मग पेन थांबलं.

"नातं काय लिहू?"

"लिहा, हिचं घर मी मोडलं," नयना म्हणाली. "आणि पहिली सही तुमची आहे, भाऊजी. माझ्याआधी तुमचं नातं लिहा."